शनिवारचा डाव: पालखेड, १७२८

मंडळी, या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, नेहमीच्या नौपाड्यातल्या हॉलवर. मोठ्या टेबलावर, रंगवलेले छोटे सैनिक घेऊन, पालखेडच्या मोहिमेचा डाव मांडतोय. निजामाकडे जड तोफखाना, बाजीरावांकडे चपळ घोडदळ. आणि बाजीराव जिंकले ते पाणी आणि रसद तोडून. म्हणून यावेळी मारलेल्या तुकड्यांना गुण नाहीत, पाणवठे राखण्याला आहेत. थेट भिडायची सवय असलेल्यांनी हा डाव खेळायलाच हवा.

फासे, मोजपट्टी आपापली आणा. सैनिक उचलताना तळाची चकती धरा, भाला नाही. रंगवायला आठवडे जातात हो! नवख्यांनी बिनधास्त यावं, सैन्य क्लबचं मिळेल.

शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका, म्हणजे बाजू ठरवता येतील.