64 जीबी रॅमचे पैसे घेऊन लॅपटॉपचा एक स्लॉट रिकामा ठेवल्याबद्दल तक्रार

सांगली
12 डिसेंबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सशुल्क रॅम अपग्रेड अर्धवट सोडणे, माझे जुने पार्ट परत न देणे आणि मदरबोर्ड बदलल्यानंतर वॉरंटीची नोंद पुसली जाणे

महोदय / महोदया,

तीन महिन्यांत तुमच्या हेल्पलाइनला मी अकरा फोन केले. प्रत्येक वेळी नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. म्हणून आता सविस्तर लिहून पाठवते आहे. हे पत्र कृपया शेवटपर्यंत वाचावं.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. सांगली-मिरज भागात ड्रोनने सर्व्हे करते. दगडखाणी, शेततळी, पाइपलाइनचे मार्ग अशी कामं असतात. हाताखाली माणूस नाही. ड्रोन उडवण्यापासून अहवालावर सही करण्यापर्यंत सगळं मीच करते आणि घर त्यावरच चालतं. फेब्रुवारी 2024 मध्ये तुमचा 14 इंची बिझनेस लॅपटॉप घेतला. त्यात इंटेलचा आय7-1355यू प्रोसेसर, 8 जीबीच्या दोन स्टिक मिळून 16 जीबी रॅम आणि 512 जीबीची एसएसडी होती. त्याच पैशात गेमिंगचा जास्त ताकदीचा लॅपटॉप मिळत होता. तरी हा घेतला, कारण तुमच्या माहितीपत्रकात दोन रॅम स्लॉट, 64 जीबीपर्यंत वाढवण्याची सोय आणि तीन वर्षं घरी येऊन दुरुस्ती असं स्पष्ट छापलं होतं. आज 16 जीबीवर भागवू, काम वाढलं की रॅम वाढवू, असा माझा सरळ हिशोब होता.

काम वाढलं. ड्रोनच्या फोटोंपासून जमिनीचं त्रिमितीय मॉडेल करायला मी ओपनड्रोनमॅप वापरते. त्याच्या माहितीपानावरच दिलंय की 250 फोटोंना साधारण 16 जीबी, 500 फोटोंना 32 जीबी आणि 1500 फोटोंना 64 जीबी मेमरी लागते. माझ्या खाणीच्या एका सर्व्हेत सातशे-साडेसातशे फोटो असतात. म्हणजे 64 जीबी मी हौसेखातर मागितली नव्हती.

रॅम बाजारातून आणून कोपऱ्यावरच्या दुकानात बसवली असती तर स्वस्तात झालं असतं. वॉरंटीत अडचण नको म्हणून तुमच्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून 1 सप्टेंबरला कोटेशन घेतलं. 32 जीबीच्या दोन डीडीआर4-3200 स्टिक प्रत्येकी 10,000 रुपये, बसवणावळ 1,000 आणि 18 टक्के जीएसटी, मिळून 24,780 रुपये. पूर्ण रक्कम मी त्याच दिवशी भरली.

9 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी होऊन तीन दिवस झाले होते, तुमचा इंजिनिअर घरी आला. त्याच्याकडे एकच स्टिक होती. दुसरी गोडाऊनमधून निघाली आहे, आठवड्यात येईल, असं तो म्हणाला. त्याने 8 जीबीच्या दोन्ही स्टिक काढल्या, एका स्लॉटमध्ये 32 जीबीची नवीन बसवली आणि काढलेल्या दोन्ही बॅगेत टाकल्या. जुना पार्ट जमा करावा लागतो म्हणाला. वॉरंटीत पार्ट बदलून मिळतो तेव्हा जुना जमा करायचा असतो, हे मलाही मान्य आहे. पण इथे मी पैसे मोजून नवीन रॅम विकत घेतली होती. त्या दोन स्टिक माझ्या होत्या, आजही माझ्याच आहेत. तेव्हा मी अडवलं नाही, विश्वास ठेवला.

त्याच संध्याकाळी खाणीचं जुनं मॉडेल उघडलं, तर माऊसने फिरवताना ते अडकायला लागलं. 16 जीबीवर जे सहज फिरायचं ते 32 जीबीवर अडकत होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिलं तर ग्राफिक्सचं नावच बदललेलं. आधी तिथे ‘आयरिस एक्सई’ असायचं, आता ‘यूएचडी ग्राफिक्स’ दिसत होतं.

याचं कारण तुमच्या तंत्रज्ञांना ठाऊक असायला हवं, तरी लिहिते. या प्रोसेसरच्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ते मुख्य रॅमच वापरतं. दोन्ही स्लॉट भरलेले असतील तर दोन वाटांनी मिळून सेकंदाला 51.2 जीबी माहिती जाऊ शकते. एकच स्टिक असेल तर 25.6. आयरिस एक्सई हे नावही इंटेल दोन्ही चॅनेल, म्हणजे याच दोन वाटा, भरलेले असतील तरच देते, नाहीतर तेच ग्राफिक्स यूएचडी म्हणून दिसतं. बिघाड कुठेच नव्हता. एक स्लॉट रिकामा होता, एवढंच. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर आजही ‘स्लॉट्स यूज्ड: 1 ऑफ 2’ असं दिसतं. हे मी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं.

उत्तर मिळालं, ड्रायव्हर पुन्हा टाका. टाकला. मग बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा. केलं. मग विंडोज रिसेट करा. तेही केलं आणि सगळी सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्यात माझा दीड दिवस गेला. शेवटी सांगण्यात आलं की ग्राफिक्स मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर असतं, मदरबोर्ड बदलावा लागेल.

7 ऑक्टोबरला दुसरा इंजिनिअर मदरबोर्ड घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने खालचं झाकण उघडलं. मी शेजारीच उभी होते. पंख्याच्या बाजूला दोन स्लॉट, एकात 32 जीबीची स्टिक, दुसरा मोकळा, आतल्या पिवळ्या पिना लखलखीत दिसत होत्या. मी बोट ठेवून दाखवलं आणि विचारलं, “दादा, ही जागा भरायला कोण येणार?” तो म्हणाला, “मॅडम, दिसतंय मला. पण माझ्या कॉलवर फक्त मदरबोर्ड आहे. रॅमचा कॉल वेगळा, तो सिस्टीममध्ये क्लोज दाखवतोय.” तो मुलगा प्रामाणिक होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने दीड तास खपून एक चांगला मदरबोर्ड काढला, दुसरा चांगला बसवला आणि तीच एक स्टिक पुन्हा त्याच स्लॉटमध्ये लावली. मशीन सुरू झालं. ग्राफिक्स यूएचडीच.

वर नवीन दोन दुखणी सुरू झाली. मदरबोर्ड बदलल्यामुळे बिटलॉकरने, म्हणजे डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीने, 48 आकडी रिकव्हरी की मागितली. मी ती कागदावर छापून फाइलमध्ये ठेवली होती म्हणून वाचले. नसती ठेवली तर एसएसडीवरचा सगळा डेटा कायमचा कुलूपबंद झाला असता. की जवळ आहे का, हे काम सुरू करण्यापूर्वी तुमच्याकडून कुणीही विचारलं नाही. दुसरं म्हणजे नवीन मदरबोर्डमध्ये माझ्या मशीनचा सिरियल नंबर भरलाच गेला नाही. बायोसमध्ये ती जागा कोरी आहे. तुमच्या वेबसाइटवरचं आपोआप तपासणीचं बटण दाबलं की ‘उत्पादन ओळखता आले नाही’ असं येतं. फेब्रुवारी 2027 पर्यंतची वॉरंटी माझ्याकडे कागदावर आहे आणि तुमच्या सिस्टीमला माझा लॅपटॉपच ओळखता येत नाही.

यात माझं काय नुकसान झालं तेही सांगते. पाऊस उघडल्यावर एका दगडखाणीचा सर्व्हे केला, 740 फोटो. 32 जीबीवर प्रोसेसिंग रात्रभर चाललं आणि पहाटे मेमरी संपून 137 नंबरची एरर देऊन बंद पडलं. दोनदा हेच झालं. मुदत होती म्हणून फोटोंचे दोन भाग करून वेगवेगळे चालवले आणि मॉडेल जोडलं. जोडाच्या पट्ट्यात उंचीचा 11 सेंटीमीटरचा फरक आला. सुमारे सहाशे चौरस मीटरवर 11 सेंटीमीटर म्हणजे 66 घनमीटर, म्हणजे सुमारे 23 ब्रास दगड (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). खाणीत रॉयल्टी ब्रासवर ठरते. असा आकडा मी सही करून देऊ शकत नव्हते. मिरजेतल्या एका मित्राच्या डेस्कटॉपवर तीन रात्री बसून सगळं पुन्हा केलं आणि अहवाल नऊ दिवस उशिरा दिला. त्या ग्राहकाने पुढचं काम मला दिलं नाही.

24 नोव्हेंबरला तुमच्याकडून फोन आला. वाटलं, स्टिक आली. फोनवर सांगितलं की मेमरीचे भाव वाढले आहेत, दुसरी स्टिक हवी असेल तर वरचा फरक भरा, नाहीतर 11,800 रुपये परत घ्या. एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरी महागली आहे हे मलाही ठाऊक आहे. पण मी पैसे भरले 1 सप्टेंबरला, जुन्या भावाने, पावतीवर दोन स्टिक लिहिलेल्या असताना. उशीर तुम्ही केलात. त्याचा भुर्दंड मी का सोसावा? आणि 11,800 रुपयांत आज ती स्टिक मिळत नाही, म्हणूनच तुम्हाला पैसे परत देणं सोयीचं वाटतंय.

त्याच फोनवर असंही ऐकवलं की बिल जीएसटी नंबरवर आहे, वापर व्यावसायिक आहे, त्यामुळे तुम्ही ग्राहक आयोगात जाऊ शकत नाही. हे चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात, स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठीच घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरलेली नाही. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. म्हणजे मला सांगलीबाहेर जायचीही गरज नाही.

पण मला आयोगात जायचं नाही, मला काम करायचंय. पावतीप्रमाणे 32 जीबीची दुसरी डीडीआर4-3200 स्टिक कोणताही जादा आकार न घेता बसवून द्यावी. माझ्या 8 जीबीच्या दोन्ही स्टिक परत कराव्यात. त्यातली एक जरी सप्टेंबरमध्ये माझ्याकडे राहिली असती तर 40 जीबी झाली असती, ग्राफिक्सही पूर्ववत झालं असतं आणि तुमचा एक मदरबोर्ड वाचला असता. बायोसमध्ये सिरियल नंबर भरून वॉरंटीची तारीख दुरुस्त करावी, आणि मदरबोर्ड सदोष नव्हता हे सर्व्हिस रिपोर्टवर लिहून द्यावं. डेस्कटॉपवाल्या मित्राने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, तेव्हा ते मी मागत नाही. वाया गेलेल्या दिवसांची भरपाई किती द्यायची ते तुम्ही लेखी कळवावं.

सोबत कोटेशन, पावती, दोन्ही सर्व्हिस रिपोर्ट, टास्क मॅनेजर आणि बायोसचे फोटो आणि अकरा फोनच्या तारखा जोडल्या आहेत. 27 डिसेंबरपर्यंत काम झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी जिल्हा आयोगात अर्ज देईन.

इंजिनिअरला दुपारी दोननंतर पाठवावं, सकाळी मी साइटवर असते. येताना तिन्ही स्टिक त्याच्याबरोबर द्याव्यात आणि या वेळी रॅम आणि सिरियल नंबर, दोन्ही कामं एकाच कॉलवर लिहावीत.

आपली,
एक ग्राहक, सिव्हिल इंजिनिअर
सांगली