कट्टा पकडलात, आता त्याचा माग काढा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

पुण्यात एखादं टोळकं पकडलं की बातमी ठरलेली : दोन गावठी पिस्तुलं, चार जिवंत काडतुसं जप्त. माल बहुतेकदा कुठला, हे पोलिसांना ठाऊक असतं. जळगावच्या चोपडा तालुक्याच्या हद्दीपलीकडे, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी हे गाव आहे. तिथून तो चोपड्यामार्गे, नाहीतर सेंधवा-शिरपूर रस्त्याने खाली उतरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन पिस्तुलं घडवायच्या भट्ट्या तोडल्या, हे उत्तमच झालं. पण भट्टी पुन्हा मांडायला कितीसा वेळ लागतो?

खरी गळती तपासात आहे. आरोपी विकणाऱ्याचं नाव सांगतो, पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. त्याला कॉलचे तपशील, यूपीआयचे व्यवहार, टोलनाक्यावरचं चित्रण यांची जोड लागते, आणि ते चित्रण फार दिवस जपून ठेवलेलं नसतं. पहिला आठवडा हातचा गेला की मधला दलाल सुटतो. मग गुन्हा विनापरवाना शस्त्र बाळगण्यापुरता उरतो : शस्त्र कायद्याचं कलम २५(१-ब), दोन ते पाच वर्षं. तस्करीला मात्र २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५(८) खाली किमान दहा वर्षं ते जन्मठेप ठेवली आहे. ते कलम लावायचं तर साखळी सिद्ध करावी लागते. त्यात कलम ३९ ची, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, पूर्वमंजुरी राहिली, तर कलम ३ खालचा, म्हणजे विनापरवाना शस्त्राचा, खटला उभाच राहत नाही.

आणि काडतुसाकडे बघा. पिस्तूल गावठी, त्यावर खरा क्रमांक नाही. काडतूस मात्र बहुधा कारखान्यातलं. जप्त झालेलं ७.६५ मिमीचं काडतूस उलटं धरलं तर बुडावर पुष्कळदा ‘केएफ’ ही अक्षरं दिसतात. ही खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. खूण अस्सल असेल, तर कुठल्यातरी परवानाधारकाच्या किंवा विक्रेत्याच्या नोंदवहीतून ते निसटलं आहे. पंचनाम्यात ‘एक पितळी काडतूस’ एवढ्यावर भागवू नये. बुडाचा जवळून काढलेला फोटो सक्तीचा करा, विक्रेत्यांच्या नोंदवह्या तपासा. गोळीबाराच्या जागी मिळालेल्या पुंगळ्यांवरच्या फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या खिळीच्या) खुणा दोन्ही राज्यांच्या प्रयोगशाळांना एकाच माहितीसाठ्यात पाहता आल्या पाहिजेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये उमर्टीत आपल्याच पोलिसांवर हल्ला झाला. म्हणून दोन्ही राज्यांचं कायमचं संयुक्त पथक हवं, दर वेळी नव्याने परवानग्या मागणारं नको.

परंपरेने लोखंडी हत्यारं घडवणाऱ्या तिथल्या शिकलगर समाजाला सरसकट गुन्हेगार ठरवू नका. लोखंडावर बसलेला हा हात शेतीच्या अवजारांना लागेल, असं काम मध्य प्रदेश सरकारशी बोलून तिथेच उभं करा.

आपले,
या विषयाचे अभ्यासक