बाळूच्या कागदांबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबांचा आवाज चढतो, म्हणून लिहूनच पाठवते.

बाळूच्या खर्चासाठी भाडं घेणं, बँक बघणं, यासाठी काकांना दिलेलं मुखत्यारपत्र आता माझ्या नावे करायचं म्हणता. करूया. काकांना बँकेचा जिना चढवत नाही. पण नुसतं नाव बदलून भागणार नाही. मुखत्यारपत्र बाबांनी दिलंय, ते बाबा आहेत तोवरच चालणार. म्हणजे बाळूला खरी गरज लागेल तेव्हाच त्याची रद्दी होणार. बाळूकडून नवं लिहून घेऊ म्हणाल, तर कशावर अंगठा उठवतोय हे त्याला कळत नाही. तो कागद टिकणार नाही.

शिवाय तो अठराचा झाला तेव्हापासून कायद्याने तुम्हीही त्याचे पालक उरला नाहीत. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. आई रोज घास भरवते, आणि कागदावर ती कुणीच नाही!

यावर उपाय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. बाळूची सेरेब्रल पाल्सी त्यात येते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही त्यात असते. पालक नेमण्याचा अर्ज तिथे करायचा. तुमच्या देखत, तुमच्या संमतीने माझी नेमणूक झाली तर पुढे कुणी बोट दाखवणार नाही. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत बाळूच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, मग दरवर्षी हिशेब. बाबा, याला कटकट म्हणू नका. माझ्यावरही कुणाची नजर असलेली बरी.

जुनं मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे, म्हणून रद्दपत्रही दुय्यम निबंधकांकडे नोंदवू. बँकेला आणि भाडेकरूला लेखी कळवू. काकांनाही लेखी द्यावं लागेल, पण नोटीस आधी आणि आपण मागून असं नको. पेट्रोलच्या पावतीपासून बाळूच्या डायपरपर्यंत सगळं त्यांनी वहीत लिहिलंय. बाळू दाढीसुद्धा फक्त त्यांच्याच हातून करून घेतो. वस्तरा दुसऱ्याच्या हातात दिसला की मान फिरवतो.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आधार आणि बाबांच्या पेन्शनचे कागद काढून ठेवा. पेन्शनमध्ये बाळूची नोंद आहे का तेही बघायचंय.

काकांशी आधी आईनेच बोलावं. बाबा बोलले तर भांडण ठरलेलं.

तुमची,
माई