मंद्या, दोन किलोचा हट्ट सोड

कोथरूड, पुणे
२४ ऑगस्ट

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज मिळाला. ‘दोन किलोच्या आतली स्टीलची हार्डटेल फ्रेम सुचव, लांब राइडसाठी. पैशांचं नंतर बोलू.’ म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक हवीय तुला. फोनवर उत्तर दिलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्याच मिनिटाला ‘म्हणजे कुठली घेऊ तेवढं सांग ना’ म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र. बाहेर सकाळपासून पाऊस लागलाय, माझी सायकल बाल्कनीत उलटी टांगलेली आहे (का, ते पुढे येईल), आणि आज मला कुठे जायचं नाहीये.

आधी त्या दोन किलोंचं बोलू. तू ७४ किलो, सायकल १३ धर, सामान आणि पाणी मिळून १०. झाले ९७. फ्रेममध्ये अर्धा किलो वाचवलास तर एकूण वजनात अर्धा टक्का कमी झाला. कुंभार्ली घाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढायला तुला सव्वा तास लागत असेल, तर आता वीस-पंचवीस सेकंद लवकर पोचशील. वर गेल्यावर चहा सांगायचा की लिंबू सरबत, हे ठरवायला तुला त्याहून जास्त वेळ लागतो.

माझी ती निळी फ्रेम आठवते? जुनी, क्रॉस-कंट्री रेसिंगची, बोटाने उचलावी इतकी हलकी. रिकामी असताना काय पळायची! पण भोरवरून वरंध घाटाने महाडला उतरताना मी मागे कॅरिअर लावून दोन भरलेल्या पिशव्या टांगल्या होत्या. एका सरळ उतारावर वेग पंचेचाळीसच्या पुढे गेला आणि हँडल आपलं आपण डावी-उजवीकडे हलायला लागलं. आधी थोडं, मग जोरात. पुढचं चाक एका दिशेला, मागच्या पिशव्या दुसऱ्या. टॉप ट्यूब, म्हणजे फ्रेमची वरची आडवी नळी, दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून धरली, मागचा ब्रेक हळूहळू लावला, तेव्हा कुठे ती शांत झाली. थांबल्यावर पाय इतके थरथरत होते की सायकल स्टँडवर लावता येईना. मग आठवलं, तिला स्टँडच नाही. दोष फ्रेमचा नव्हता. एकट्या माणसाला पळवायला केलेल्या पातळ नळ्यांवर मी बिऱ्हाड लादलं होतं.

आता स्टीलबद्दलचा एक गैरसमज. महाग नळीची सायकल जास्त ‘मऊ’ चालते असं तुझ्यासकट सगळ्यांना वाटतं. साधं क्रोमोली ४१३०, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील, घे किंवा रेनॉल्ड्स या इंग्लिश नळीवाल्या कंपनीचं ८५३ घे, दोघांचं वजन घनफळाला तेवढंच, आणि ताण दिल्यावर न वाकण्याचा हट्टही जवळपास तेवढाच. फरक ताकदीत आहे. ८५३ जास्त ताकदवान, त्यामुळे नळीची भिंत आणखी पातळ काढता येते. पातळ काढली म्हणून हलकी, आणि पातळ काढली म्हणूनच थोडी लवचिक. रेनॉल्ड्सने ८५३ आणलं १९९५ मध्ये, आणि त्याची खासियत अशी की वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना सांध्याजवळची नळी कमजोर व्हायच्या ऐवजी उलट कडक होते. पण स्टिकरवर आकडा मोठा आहे म्हणून बारा तासांनी कंबर कमी दुखेल, हे डोक्यातून काढ.

खरी करामत बटिंगची. सांध्याजवळ भिंत ०.८ मिमी, मध्ये ०.५, पुन्हा टोकाला ०.८, असं काहीतरी. जिथे ताण येतो तिथे धातू ठेवायचा, बाकी ठिकाणचा काढून टाकायचा. ही कल्पना १८९७ सालची, रेनॉल्ड्स घराण्याचीच. तुझ्या घरी पडलेल्या जुन्या सायकलच्या नळीवर नखाने टिचकी मारून बघ, सगळीकडे सारखाच ठक्क आवाज येईल. चांगल्या बटेड नळीवर टोकाशी ठक्क आणि मध्यावर टणत्कार. माझ्या आताच्या सायकलच्या डाउन ट्यूबवर, म्हणजे हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवर, मी अजूनही येताजाता टिचक्या मारतो. बायकोला वाटतं मी काहीतरी तपासतोय.

गंमत म्हणजे माउंटन बाइक या प्रकाराची सुरुवातच या धातूने झाली. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतली पोरं जुन्या, धूड बलून टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडत होती. १९७७ मध्ये जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम फ्रेम बनवली ती क्रोमोलीची. तेव्हा पुढे सस्पेन्शन नव्हतं. आज १२० मिमी दबणारा सस्पेन्शनचा फोर्क लावला की तो हेडट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या आखूड नळीला, लांब दांड्यासारखा उखडायला बघतो, आणि त्या सांध्याला स्टील जास्त द्यावंच लागतं. त्यात २००५ पासून युरोपात माउंटन बाइकच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, आणि स्टीलच्या हार्डटेल त्यानंतर जाड झाल्या त्या झाल्याच. म्हणून नव्वदच्या दशकातल्या फ्रेमचं वजन वाचून आजच्या फ्रेमला नाकं मुरडू नकोस. आज २९ इंची चाकाची, लांब फोर्कची स्टील फ्रेम सव्वादोन किलोत बसली तर ती हलकीच म्हणायची. पावणेतीनची असली तरी मी तिला हाकलून देणार नाही.

मग बघायचं काय? तुझ्या बाबतीत पहिली गोष्ट, सीट ट्यूबचा, म्हणजे सीटखालच्या नळीचा, कोन. हल्लीच्या हार्डटेलमध्ये तो ७५-७६ अंशांवर गेलाय. उभ्या चढावर ते मस्त, माणूस पेडलवर बरोबर बसतो. पण तुझी लांब राइड म्हणजे काय? चिपळूण ते गुहागर, तिथून तवसाळ-जयगड फेरी, पुढे गणपतीपुळे. त्यात सपाट आणि चढउताराचं डांबर कितीतरी. असल्या रस्त्यावर इतका उभा कोन तुला पुढे ढकलतो आणि सगळा भार तळहातांवर येतो. तुझी करंगळी आधीच बधिर होते. ७३-७४ अंशांची फ्रेम बघ, आणि स्टॅक, म्हणजे हँडलची उंची, चांगली असू दे. उंची विचारून ‘तुम्हाला मीडियम’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. मला एका दुकानात असाच लार्ज गळ्यात मारला होता. दोन वर्षं मी हँडल गाठायला योगासनं करत होतो.

दुसरं, तुझा फोर्क. तुझ्याकडे १०० मिमीचा आहे आणि तो तू टाकणार नाहीस, मी ओळखतो तुला. १४० मिमीसाठी काढलेल्या फ्रेमला तो लावलास तर पुढचा भाग चार सेंटिमीटर खाली बसेल. ढोबळ हिशेब असा की २० मिमीला एक अंश. म्हणजे हेड अँगल (हेडट्यूबचा कोन) दोन अंशांनी उभा, स्टिअरिंग चिडचिडं, आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्याची बेअरिंगची जागा, खाली आल्यामुळे जांभ्याच्या प्रत्येक धोंड्यावर पेडल आपटणार. फ्रेम १०० ते १२० मिमीसाठीच काढलेली हवी. हेड अँगल ६७-६८ च्या आसपास असला की घाटातही डळमळत नाही आणि गावातल्या गल्लीत वळायला जडही वाटत नाही.

आणि मागचं चाक! तुझा हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, १४२ मिमी रुंदीचा आहे. नव्या फ्रेम बहुतेक १४८ च्या, ज्याला बूस्ट म्हणतात. ते चाक त्यात जसंच्या तसं बसणार नाही. फ्रेम स्वस्तात मिळाली म्हणून नाचशील आणि मग नवा हब, नवे स्पोक, चाक बांधणावळ. हे आधी विचारून घे. बॉटम ब्रॅकेट मात्र आट्यांचाच घे, ७३ मिमीचा. दाबून बसवायचे प्रकार चिखलात कुरकुरतात आणि ती कुरकुर शोधण्यात रविवार जातो.

तुला जो ‘स्टीलचा मऊपणा’ हवाय ना, तो बराचसा टायरमध्ये असतो. मागचा त्रिकोण उभ्या दिशेने फारसा वाकत नाही, रेटून बसलास तरी. पण २.३५ इंची टायर ट्यूबलेस करून त्यातली हवा कमी केलीस की खडी नाहीशी होते. त्याखालोखाल सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा. २७.२ मिमीची बारीक पोस्ट बरीच बाहेर काढलेली असली की ती खरोखर झुलते, ३१.६ ची जाड तितकी नाही. ड्रॉपर, म्हणजे बटणाने खालीवर होणारी पोस्ट, लावायची नसेल तर २७.२ ची सीट ट्यूब शोध. आणि मागे २.४ चा टायर बसून वर बोटभर जागा उरली पाहिजे. तुमच्याकडची तांबडी माती पहिल्या पावसानंतर चेनस्टेमध्ये, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्यांमध्ये, कशी विटेसारखी बसते, ते मी तुला सांगायला नको.

आता स्पिती. पुढच्या सप्टेंबरात शिमल्याहून किन्नौरमार्गे काझा, मग कुंझुम खिंड ओलांडून मनाली, हे तुझं नक्की असेल तर सामान कॅरिअरवर लादू नकोस. फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी बॅग शिवून घे आणि जड गोष्टी तिच्यात, खाली. डाउन ट्यूबच्या पोटाखाली आणि फोर्कवर तीन-तीन बोल्टच्या जागा असतील तर उत्तम. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि बातलच्या पुढे ग्रामफूपर्यंत रस्ता म्हणजे नाल्यातले गोटे. तिथे मला सव्वादोन किलोची नाजूक फ्रेम नको, अडीचची शांत फ्रेम हवी.

‘स्टील आहे, कुठल्याही गावात वेल्ड होतं’ हे वाक्य तू चारचौघांत फेकतोस म्हणून सांगतो. अर्धा मिलिमीटर भिंतीच्या नळीवर ट्रॉलीच्या सांध्याला वापरतात तो आर्क वेल्डिंगचा रॉड टेकवला की भोक पडतं, त्या भोकातून आत उजेड दिसतो. तुझ्याकडे लोट्याच्या एमआयडीसीत स्टेनलेसच्या पायपांना आर्गन वेल्डिंग मारणारे हात आहेत, ते करतील. काझात तसा कोणी भेटेलच यावर तिकीट काढू नकोस. फायदा एवढाच की स्टील बहुतेक वेळा आधी तडा दाखवतं. धुताना सांध्यांवरून बोट फिरवत जा, रंगात केसासारखी रेघ दिसली की थांब.

आणि आता ती टांगलेली सायकल. गेल्या वर्षी माझी सीटपोस्ट फ्रेममध्ये अडकली. अॅल्युमिनियमची पोस्ट, स्टीलची नळी, दोन पावसाळे न काढलेली. दोन धातूंत ओल गेली की पांढरी भुकटी धरते आणि ते एकजीव होतात. तेल सोडलं, उकळतं पाणी ओतलं, पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये धरून दोघांनी अख्खी फ्रेम फिरवून पाहिली. पोस्ट पिळवटली, निघाली नाही. शेवटी ती वरून कापली आणि हॅकसॉचं उघडं पातं एका टोकाला फडकं गुंडाळून आतून उभं चालवलं. तीन संध्याकाळी. प्रत्येक वेळी शंका, आता अॅल्युमिनियम कापतोय की फ्रेम? पात्याचा आवाज बदलला की हात थांबवायचा. तिसऱ्या दिवशी पट्टी पकडीने आत दुमडली आणि उरलेली नळी कर्रर्र करत बाहेर आली. बायको म्हणाली, “दुसरी सायकल घे हवं तर, पण हा आवाज बंद कर.” त्या वाक्याचा मी पुढे सोयीस्कर अर्थ लावला.

तेव्हापासून नियम असा की पावसाळ्यात महिन्यातून एकदा पोस्ट काढून ग्रीस. पावसातून आलो की पोस्ट काढून फ्रेम उलटी टांगायची, आतलं पाणी निथळू द्यायचं. आणि नवीन फ्रेम आली की आधी आतून उकळलेलं जवसाचं तेल ओतून सगळ्या नळ्यांत फिरवायचं, चार दिवस वाळू द्यायचं. तुझ्याकडे समुद्राची खारी हवा आहे, तुला हे माझ्या दुप्पट लागू.

कुठली घेऊ, कुठली घेऊ म्हणून तू आता ओरडत असशील. सर्ली या अमेरिकन कंपनीची कराटे मंकी ही फ्रेम जड आहे पण तिला जागोजागी बोल्ट आहेत आणि ती कशालाच रुसत नाही. इंग्लंडच्या कॉटिक कंपनीच्या फ्रेम ८५३ वापरतात, चालवायला चपळ, पण मागवल्यावर जकातीसकट आकडा ऐकून खाली बस. अमेरिकन फ्रेमकार टॉम रिचीच्या नावाच्या फ्रेमवर माझा जीव आहे, पण तो सल्ला नव्हे, तो माझा आजार आहे. तुझ्यासाठी माझं मत कराटे मंकीच्या जातीच्या फ्रेमला. वाचलेल्या पैशांत चांगले टायर घे आणि चाकं नीट बांधून घे.

गणपतीत चार दिवस चिपळूणला येतोय. माझी सायकल आणतो, तू दोन दिवस घेऊन जा. आपल्या उंचीत बोटाचा फरक आहे, चालेल. कुंभार्ली चढ, परत ये, आणि मग करंगळी कशी आहे ते सांग. तोवर कुणाला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार. काकूंना सांग, या वेळी आमसुलं मी विसरणार नाही.

तुझा,
नित्या

ता. क. – तुझ्या आताच्या सायकलची सीटपोस्ट आज रात्री हलवून बघ. निघाली तर ग्रीस लाव. नाही निघाली तर जोर करू नकोस, मी येताना पाती घेऊन येतो.