‘कौन’मध्ये भूत कुठंय, असं विचारणाऱ्यांना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत राम गोपाल वर्मांच्या ‘कौन’ची (१९९९) सालपटं काढलेली वाचली. भयपट म्हणवतो आणि भूत नाही, सगळा वेळ एकच घर, आणि शेवटी प्रेक्षकाची फसवणूक, असा एकूण सूर. हा चित्रपट आमच्या टॉकीजला लागला तेव्हा मी तिथं ऑपरेटर होतो. आठवडाभर रोज ४ खेळ, म्हणजे २८ वेळा मशीनच्या खिडकीतून पाहिला. तेवढ्या अधिकारानं लिहितो.

पडला, हे खरं. आदल्या वर्षीच ‘सत्या’ येऊन गेलेला. त्यातला भिकू म्हात्रे, म्हणजे मनोज बाजपेयी, आणि ‘रंगीला’ची ऊर्मिला एकत्र म्हटल्यावर पिटातलं पब्लिक शिट्ट्यांच्या तयारीनं आलं. समोर बघतात तर पाऊस, बंगला, दारावरची बेल आणि मोजून तीन माणसं. त्यातल्या बाईला शेवटपर्यंत नावसुद्धा नाही. गाणं तर एकही नाही. गाणं लागलं की बाहेर जाऊन बिडी मारून यायची, ही आमच्याकडची रीत. कँटीनवाला पहिल्याच दिवशी केबिनमध्ये चढून आला, “अण्णा, ह्यात गाणंच न्हाई व्हय? मग माझा चहा पिणार कोण?” सिनेमा छोटा, त्यामुळं पेटीसुद्धा हलकी. एरवी रिळांची पेटी दोघं धरून जिन्यानं वर न्यायचो, ही मी एकट्यानं नेली.

फसवणुकीचं म्हणाल तर, पहिल्या खेळाला माझं अर्धं लक्ष मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांवर आणि अर्धं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात. तिथं ठिपका दिसला की रीळ संपत आलं समजून दुसरं मशीन सुरू करायचं असायचं. शेवट कळल्यावर मात्र पुढच्या खेळापासून मी फक्त ऊर्मिलाचे डोळे पाहत होतो. पटकथाकार अनुराग कश्यपनं सगळा हिशेब पहिल्या रिळापासून मांडलेला आहे, आपण तो वाचत नाही इतकंच. शेवट काय ते इथं सांगत नाही. पुरवणीतल्या लेखकानं तो दुसऱ्याच परिच्छेदात फोडलाय आणि वर धक्का बसत नाही अशी तक्रार!

पार्श्वसंगीत अति आहे, हे मान्य. मी आवाज दोन घरं खालीच ठेवायचो. मालकांना पत्ता नव्हता.

पण भूत नाही म्हणून भीती नाही, हे निदान कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये. आपल्या कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांच्या १९२०च्या ‘सैरंध्री’ या मूकपटातला कीचकवध बघून बायका बेशुद्ध पडल्या, असं जुनी माणसं सांगायची. सेन्सॉरनं ते दृश्य कापायला लावलं. त्यात कुठलं भूत होतं?

आता मनोज बाजपेयीची बडबड, जिला लेखक ‘कंटाळवाणी’ म्हणतात. हा माणूस मॅडम मॅडम करतो, मल्होत्रांचं घर विचारतो, पावसाचं सांगतो आणि जात मात्र नाही. त्याच्यावर ओरडावं असं तो काही करत नाही, हीच तर गोम आहे. मलाही हे माझं मला कळलेलं नाही, बायकोमुळं कळलं.

शनिवारी लास्ट शोला बायकोला बाल्कनीत बसवलं होतं. दारातल्या माणसाला टाळायला ती बाई नवरा वर झोपलाय अशी थाप मारते, तेव्हा पिटात हशा पिकला. रात्री सायकलवर मागं बसून येताना ही म्हणाली, “हसायला काय झालं त्यांना? मीपण तेच सांगते की.” लग्नाला तेव्हा ११ वर्षं झालेली. मी रोज मध्यरात्रीपर्यंत मशीनवर, आणि इकडं कुणी कडी वाजवली की ही आतूनच सांगायची, ‘झोपलेत हे, सकाळी या.’

घरी पोचल्यावर तिनं कोनाड्यातून एक चप्पल काढून दाखवली. माझीच जुनी कोल्हापुरी, अंगठा तुटलेली, मी टाकून द्यायला सांगितलेली. मी कामावर निघालो की रोज संध्याकाळी ती दाराबाहेर मांडून ठेवायची आणि रात्री माझ्या सायकलची घंटी ऐकू आली की आत घ्यायची.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर