मझुर्का म्हणजे छोटा वॉल्ट्झ नव्हे

महोदय,

पोलिश संगीतकार शोपँच्या मझुर्का, म्हणजे नृत्यावर बेतलेल्या पियानोच्या रचना, ‘सोपे, छोटे वॉल्ट्झ’ म्हणून नवशिक्यांच्या हाती दिल्या जातात आणि संगीतविषयक लेखनातही त्यांची ओळख बरेचदा तशीच करून दिली जाते. हे थांबावे म्हणून हे पत्र. दोन्हींत मात्रा तीन, साम्य इथेच संपते. वॉल्ट्झमध्ये वजन पहिल्या मात्रेवर पडते. मझुर्कात ते दुसरीवर किंवा तिसरीवर जाते, आणि पुढच्या आवर्तनात जागा बदलूही शकते.

पोलंडमधली तीन लोकनृत्ये यामागे आहेत: माझोव्शे प्रांतातला ठसकेबाज माझूर, कुयावी भागातला संथ कुयाव्याक आणि गरागरा फिरवणारा ओबेरेक. एकाच रचनेत दोन नृत्यांचे रंग येऊ शकतात, म्हणून प्रत्येक भागाची चाल वेगळी ओळखावी लागते.

चुकते ते मुख्यतः डाव्या हातात. पहिल्या मात्रेचा खर्जातला स्वर सवयीने जोरात पडतो आणि लगेच वॉल्ट्झ सुरू होतो. आधी डावा हात एकटा, मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर), पहिली मात्रा हलकी ठेवून बसवावा. मग स्वरलिपीतल्या आघातचिन्हांवर पाय आपटत उजव्या हाताची धून नुसती म्हणावी. आघात म्हणजे केवळ जोर नव्हे, त्या मात्रेवर किंचित रेंगाळणेही आहे. पियानोवादक चार्ल्स हॅले यांनी शोपँला सांगितले होते की त्याच्या वादनात तीनऐवजी चार मात्रा ऐकू येतात. शोपँने आधी ते मानले नाही, हॅले यांनी मोजून दाखवल्यावर मात्र तो हसला आणि हा आपल्या नृत्याचा राष्ट्रीय स्वभाव आहे, असे म्हणाला.

दुसरी चूक बिंदुयुक्त लयीची. पहिल्या मात्रेचे ३:१ असे तुकडे हवेत. ते २:१ झाले की धून झोपाळ्यासारखी झुलते आणि माझूरचा ताठा जातो. स्वर लांबवणारे पेडल आवर्तनभर दाबून धरले तरी आघात बुजतो. ते आघाताच्या आधी सोडावे.

सुरांचेही तसेच. ओपस (रचनासंचाचा क्रमांक) ६८ मधल्या तिसऱ्या मझुर्काचा मधला भाग पाहा: डाव्या हातात तंबोऱ्यासारखा षड्ज-पंचम अखंड चालतो आणि वर धुनीत तीव्र मध्यम येतो. तो खेड्यातल्या वाद्यांचा सूर आहे. छपाईची चूक समजून कुणी तो शुद्ध करू नये.

सर्वांत जास्त हाल होतात ते ओपस १७ मधल्या चौथ्या मझुर्काचे. वर ‘लेंतो’ (संथ) दिसले की वादक रडवेला होऊन वाजवतो. पण तिथे ‘मा नॉन त्रोप्पो’, म्हणजे ‘फार नव्हे’, असेही लिहिले आहे, आणि शोपँने दिलेला वेग मिनिटाला १५२ मात्रांचा आहे. तो जसाच्या तसा पाळा असे आम्ही म्हणणार नाही, पण निम्म्यावर आणलात तर नृत्य उरत नाही. सुरुवातीचे अधांतरी स्वरसंघ शेवटी परत येतात आणि रचना ए मायनर या आपल्या मूळ स्वरपट्टीवर न टेकता तशीच विरते. तिथे लय ओढून समारोप करण्याचा मोह होतो. तो टाळावा, शेवटचा स्वरसंघ विरू द्यावा आणि हात लगेच खाली घेऊ नयेत.

– पियानो शिकवणारे काही वाचक