वाकाकुसा टेकडीला अर्धा दिवस द्या

संपादक महोदय,

जपानच्या सहलींबद्दल मराठीत हल्ली पुष्कळ छापून येते. त्यात नारा शहर मात्र बहुतेक वेळा दोन ओळींत आटोपते: तोदाइजी मंदिरातला महाबुद्ध पाहा, हरणांना बिस्किटे घाला आणि संध्याकाळच्या गाडीने ओसाकाला परता. या मंदिराच्या मागेच, पंधरा मिनिटे चालले की, ३४२ मीटर उंचीची, पायथ्यापासून माथ्यापर्यंत गवताने मढलेली वाकाकुसा टेकडी आहे. नारा शहर कसे वसले आहे ते एका नजरेत कळायचे असेल, तर इथे चढण्यावाचून पर्याय नाही.

सर्वांत मोठी चूक वेळेची होते. दिवसभर मंदिरे करून लोक साडेचारला पायथ्याशी पोहोचतात, आणि फाटक पाचला बंद होते. टेकडी उघडी असते ती साधारण मार्चच्या तिसऱ्या शनिवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, सकाळी नऊ ते पाच. पायथ्याला उत्तर आणि दक्षिण अशी दोन फाटके आहेत. प्रौढांना तिकीट १५० येन. किंतेत्सु या खासगी रेल्वेच्या नारा स्थानकापासून सरळ पूर्वेला चालत गेले तर अर्धा तास पुरतो. जेआर या दुसऱ्या रेल्वेचे नारा स्थानक त्याहून लांब पडते. नकाशात ‘मिकासा’ शोधू नका. वाकाकुसाला मिकासायामा असेही म्हणतात खरे, पण अगदी त्याच उच्चाराचा दुसरा डोंगर कासुगा देवस्थानामागे आहे. तो पवित्र मानला जातो आणि तिथे प्रवेश नाही.

मिकासा म्हणजे तीन इरली. टेकडीला एकावर एक ठेवल्यासारखे तीन टप्पे आहेत, त्यावरून हे नाव. पहिला टप्पा पंधरा मिनिटांत येतो. बहुतेक लोक तिथेच फोटो काढून उतरतात. तोदाइजीचे छप्पर इथून सर्वांत जवळ दिसते, आढ्याच्या दोन टोकांवरच्या सोनेरी शिबींसह (शोभेच्या शिरांसह), हे कबूल. पण संपूर्ण नारा खोरे, पश्चिमेची इकोमा रांग आणि तिच्या माथ्यावरचे मनोरे एका पट्ट्यात पाहायचे तर तिसऱ्या टप्प्यापर्यंत जायला हवे. पायथ्यापासून एकूण तीस-चाळीस मिनिटे लागतात. उतार पश्चिमेकडे असल्याने सकाळी ऊन पाठीशी असते आणि शहर स्वच्छ दिसते. दुपारनंतर सूर्य थेट डोळ्यांवर येतो, फोटो पांढरट पडतात.

सावली जवळजवळ नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये चढायचे तर सकाळीच, पाणी बरोबर घेऊन. ढग गडगडू लागले तर उघड्या उतारावर थांबू नये. इथले नोशिबा गवत हरणे चरून आखूड ठेवतात. दवाने किंवा पावसाने ते ओले झाले की गुळगुळीत तळव्याचे बूट सर्रकन घसरतात, विशेषतः उतरताना. गवतात गोचिडी असतात, म्हणून लांब पँट घालावी आणि गवतात थेट न बसता काहीतरी अंथरावे.

माथ्यावर जो उंचवटा दिसतो तो उगुइसुझुका, म्हणजे सुमारे १०३ मीटर लांबीची प्राचीन कबर. एक बाजू गोल, दुसरी चौकोनी. १९३६ पासून ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

ही टेकडी गवताळ राहते कशी, हेही लिहायला हवे. जानेवारीच्या चौथ्या शनिवारी इथे ‘यामायाकी’ होते. तोबिहिनो मैदानावर पेटवलेला विस्तव मिरवणुकीने पायथ्याशी आणतात आणि अंधार पडल्यावर सारा उतार पेटवतात. गवत ओले असेल तर आग नीट धरत नाही, मग डोंगर ठिगळाठिगळांनी जळतो. त्या दिवशी वर जाता येत नाही. खालच्या उद्यानातून किंवा दूर हेइजो या प्राचीन राजवाड्याच्या मोकळ्या जागेतून पाहावे. जाळणे थांबवले तर काही वर्षांत झुडपे, मग झाडे येतील. वाकाकुसा म्हणजे कोवळे गवत. मार्चमध्ये काळ्या राखेतून वर आलेले ते पोपटी कोंब पाहिले की हे नाव पटते.

हरणांबद्दल एक कळकळीची विनंती. त्यांना फक्त ‘शिका सेंबेई’ घाला. भाताचा कोंडा आणि पिठाची ही बिस्किटे बिनसाखरेची असतात, आणि गठ्ठ्यावरच्या कागदी पट्टीचे पैसे हरणांच्या संरक्षणाला जातात. बाकी खाऊ बॅगेतून बाहेरही काढू नका, कारण वासाने हरण पिशवीसकट खाते. २०१९ मध्ये मेलेल्या १४ हरणांपैकी ९ हरणांच्या पोटात प्लास्टिक निघाले; एकाच्या पोटात तर ४.३ किलो! उद्यानात कचरापेट्या जवळजवळ नाहीतच, तेव्हा आपला कचरा आपणच परत न्यावा. मे ते जुलैमध्ये पाडसाजवळ जाऊ नये, आई धावून येते. शरद ऋतूत नर माजावर असतात, त्यांच्यापासून अंतर ठेवावे.

रात्रीचे दिवे पाहायचे असतील तर फाटकाचा उपयोग नाही. माथ्याच्या मागे टोल असलेला घाटरस्ता येतो, तिथल्या वाहनतळापासून थोडे चालले की शिखर. टॅक्सीने जाणार असाल तर तिला वरच थांबायला सांगा. अंधारात तिथे दुसरी मिळत नाही.

आपला,
एक नियमित वाचक